बुटका भात, भरलेली खळी

मेट्टूर धरणाचे दरवाजे दरवर्षी १२ जूनला उघडायचे, असा कावेरीच्या खालच्या अंगाला रिवाज आहे. धरण १९३४ साली पुरे झाले आणि तेव्हापासून तंजावरच्या गावांचे पंचांग या तारखेला बांधले गेले. मेट्टूरचे पाणी चोळकालीन कल्लणै बंधाऱ्याशी येते, तिथे कावेरी आणि वेण्णारच्या फाट्यांत विभागते आणि असंख्य पाटांतून पार नागपट्टणमच्या खाऱ्या किनाऱ्यापर्यंत झिरपते. पाणी आले की पहिले पीक कुरुवई. आपल्याकडे कोकणात ज्याला हळवे भात म्हणतात, त्याच जातीचा हा हंगाम. दुसरे सांबा, म्हणजे आपले गरवे, ऑगस्टात लावायचे आणि जानेवारीत कापायचे. कुरुवई काढून त्याच खाचरात पुन्हा लावलेल्या भाताला ताळडी म्हणतात.

कागदावर हे दुबार पिकाचे गणित सोपे दिसते. अडचण आभाळाची होती. कोकणात ऑक्टोबरमध्ये पाऊस आवरतो, तंजावरला तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. धरणाचे पाणी दोन आठवडे उशिरा आले, तर कुरुवईची कापणी नेमकी धो धो पावसात सापडायची. कापलेल्या पेंढ्या बांधावर कुजायच्या, लोंबीतल्या दाण्याला मोड यायचे. त्यामुळे बहुतेक शेतकरी कुरुवईच्या भानगडीत न पडता एकच सांबा पीक घ्यायचे.

दुसरी अडचण पिकाच्या उंचीची. जुने वाण माणसाच्या छातीला लागायचे, काही डोक्यावरही जायचे. त्यामागे पिढ्यांची निवड होती. उंच भात खाचरात साचलेल्या पाण्यावर डोके काढून राहतो, तणाला सावलीत दाबून टाकतो, शिवाय बैलांना आणि छपराला भरपूर पेंढा देतो. पण खत टाकले की हेच उंच खोड घात करते. नत्र मिळाले की झाड आणखी उंच जाते, लोंबी जड होते आणि एका वाऱ्याच्या झोताने सगळे शेत लोळते. लोळलेल्या भाताची पाने एकमेकांखाली दडपतात, दाणा भरत नाही, पळंज वाढते. म्हणजे जास्त खत घालणाऱ्याच्या पदरी कमी धान्य.

या कोड्याची किल्ली तैवानमध्ये होती, आणि ती एका बिघडलेल्या जनुकात होती. तैवानी शेतकरी डी-जिओ-वू-जेन नावाचा एक ठेंगणा वाण बरीच वर्षे लावत आले होते. त्याच्या संकरातून १९५६ साली 'ताइचुंग नेटिव्ह-१' हा वाण निघाला. ठेंगणेपणाचे कारण तेव्हा कुणाला माहीत नव्हते. ते २००२ साली उलगडले. भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर एसडी-१ नावाचे एक जनुक आहे. जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्याच्या साखळीतले एक विकर या जनुकाच्या आज्ञेने बनते. जिबरेलिन खोडातल्या पेशींना लांब व्हायला लावते. डी-जिओ-वू-जेनमध्ये या जनुकाचा ३८३ अक्षरांचा तुकडाच गळालेला आहे. विकर धड बनत नाही, खोडात जिबरेलिन कमी पडते, पेशी आखूड राहतात आणि झाड बुटके होते. लोंबीचे मात्र नुकसान होत नाही, कारण फुलोऱ्यात तेच काम करणारे दुसरे, जोडीचे जनुक शाबूत असते. म्हणजे दांडा आखूड आणि दाणा पुरा, असा हा दुर्मिळ योग.

माणसाच्या शरीरात पेशींची वाढ नेमून देणाऱ्या जनुकांना धक्का लागला की बहुधा आजारच होतो. आरबी-१ हे वाढीला लगाम घालणारे जनुक निकामी झाले की लहान मुलांच्या डोळ्यात कर्करोगाची गाठ येते. भाताच्या बाबतीत मात्र वाढीच्या जनुकातला बिघाड अर्ध्या आशियाच्या अन्नाचा आधार झाला. गंमत म्हणजे जिबरेलिनचा शोधही भातामुळेच लागला. रोगाने भलतीच उंच, फिकट वाढून मरणारी रोपे तपासताना कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने तैवानमध्येच १९२६ साली दाखवून दिले, की ही करणी बुरशीने सोडलेल्या द्रव्याची आहे.

हे बुटके भात तंजावरच्या गावांपर्यंत पोहोचायला राजकारण कारणीभूत झाले. १९५९ साली फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी भारताच्या अन्नटंचाईवर एक अहवाल दिला. सगळीकडे थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा पाण्याची खात्री असलेल्या मोजक्या जिल्ह्यांत बी, खत, कर्ज आणि सल्ला एकत्र द्यावा, असे त्यात सुचवले होते. १९६० नंतर सात जिल्ह्यांत ही 'पॅकेज' योजना सुरू झाली आणि मद्रास राज्यातून त्यात तंजावरची निवड झाली. (महाराष्ट्रातला भंडारा नंतरच्या यादीत आला.) खत आले, सोसायट्यांचे कर्ज आले, ग्रामसेवक बांधाबांधावर फिरू लागले. उत्पन्न मात्र अपेक्षेइतके हलेना, कारण उंच भात खत पचवायला तयार नव्हता. पॅकेजमध्ये सगळे होते, फक्त बी जुनेच होते. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला चार-पाच वर्षे जावी लागली, हे आज वाचताना नवल वाटते.

पहिले उत्तर घरातूनच आले. कुंभकोणमजवळ आडुतुरै इथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. तिथून साठच्या दशकाच्या मध्यावर 'एडीटी-२७' हा वाण बाहेर पडला. जपानी नोरिन-१० आणि कोइंबतूरचा नामांकित जीईबी-२४ यांचा हा संकर. त्याच्या आईबापांत तैवानचे वाण नव्हते. त्याचा खरा गुण मुदतीचा होता. तो सुमारे १०५ दिवसांत हाताशी यायचा. जूनमध्ये पेरा, सप्टेंबरात कापा आणि पाऊस लागायच्या आत ताळडीची लावणी करा. तिरुचिरापल्ली आकाशवाणीच्या शेतकी कार्यक्रमांनी या वाणाचा असा काही धोशा लावला, की गावोगाव लोक त्याला 'रेडिओ भात' म्हणू लागले. दोन-तीन हंगामांत कुरुवईची बहुतेक खाचरे त्याने व्यापली. एरवी एकाच पिकावर भागवणारे शेतकरी दोन पिके काढू लागले.

पण धरणाचे पाणी उशिरा आले की कुरुवईचे पीक ओलेच घरात येई. नव्या वाणाचा दाणा पावसात भिजला की लगेच मोड धरायचा. खळ्यावर भाताच्या राशी वाफाळायच्या, आतून तापायच्या, आणि वाळवायला ना ऊन ना जागा. मीठ घालून किंवा पेंढ्याखाली झाकून राशी सांभाळायची धडपड चाले. या ओल्या भातावर उपाय शोधण्यासाठी तिरुवारूरच्या आधुनिक भात गिरणीत संशोधन सुरू झाले. त्यातूनच वाढत गेलेली अन्नप्रक्रियेची राष्ट्रीय संस्था आज तंजावरला आहे.

तैवानी जनुकाची वाट लांबची होती. फिलिपाइन्समधल्या लोस बान्योस इथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तिथल्या पीटर जेनिंग्ज यांनी १९६२ साली जे संकर केले, त्यातला आठवा होता पेटा आणि डी-जिओ-वू-जेन यांचा. पेटा हा इंडोनेशियाचा उंच, दणकट वाण, आणि त्याच्या एका बाजूला बंगालचा लाटिसाल. पहिल्या पिढीची सगळी रोपे उंच निघाली. दुसऱ्या पिढीत चारात एक बुटके आले. मेंडेलचा वाटाण्याचा हिशेब जसाच्या तसा. म्हणजे उंची ठरवणारे एकच जनुक हातात होते आणि ते हव्या त्या वाणात घालता येणार होते. हेन्री बीचेल यांनी पुढच्या पिढ्यांतून रोपे निवडली. सुरजित कुमार डे दत्ता या बंगाली कृषिशास्त्रज्ञाने खताच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा हेक्टरी नऊ टनांच्या वर भात आले. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्याचे आयआर-८ असे नामकरण झाले.

भारतात तेव्हा १९६५ आणि १९६६ असे सलग दोन दुष्काळ पडले होते. अमेरिकेच्या गव्हाच्या बोटी केव्हा लागतात, याकडे दिल्लीचे डोळे लागलेले. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम हे मूळचे मद्रास राज्याचे. ताइचुंगचे बी आणण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला. १९६६ च्या खरिपापासून अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांची देशव्यापी मोहीम निघाली. तरी फेब्रुवारी १९६७ च्या निवडणुकीत ते स्वतः पडले. त्या निवडणुकीत द्रमुकने रुपयाला तीन मापे तांदळाचे ध्येय आणि एक माप तरी नक्की, असे आश्वासन दिले होते. तांदळाच्या भावावर सरकार पडू शकते, हे मद्रासने त्या वर्षी दाखवून दिले.

आयआर-८ ने आंध्रच्या पश्चिम गोदावरीत धूम केली. तंजावरने मात्र त्याला मोकळ्या मनाने घेतले नाही. दाणा जाड, पोटात पांढुरका डाग, गिरणीत गेला की कणी जास्त, शिजवलेला भात गार झाला की कडक. दुपारचा उरलेला भात पाण्यात ठेवून सकाळी खाणाऱ्या प्रदेशात हा दोष चालण्यासारखा नव्हता. शिवाय करपा आणि किडीपुढे तो टिकत नव्हता. सांबाच्या दिवसांत खाचरात गुडघाभर पाणी असले की बुटक्या रोपांचे नाकातोंड बुडायचे. म्हणून कुरुवईत एडीटी-२७ आणि सांबात जुने उंच वाण, असाच १९६८ पर्यंतचा तंजावरचा प्रकार होता. हे सांगायला हवे, कारण हरितक्रांतीच्या सरधोपट गोष्टीत आयआर-८ आला आणि सगळीकडे सोने पिकले, असे लिहिलेले असते.

धान्य वाढले ते कुणाच्या खळ्यावर? तंजावरची जमीन मिरासदारांची. बरेचसे मिरासदार ब्राह्मण, नायडू, वेळाळ, आणि अनेक जण तंजावर, कुंभकोणम किंवा मद्रासला राहणारे. त्यांच्या शेतात राबणारे दलित, पळ्ळर आणि परैयर समाजाचे. त्यांना पण्णैयाळ म्हणत. जमीनदाराच्या घराला पिढ्यानपिढ्या बांधलेला हा शेतगडी. चुकला तर चाबूक आणि शेण कालवलेले पाणी पाजायची शिक्षा, हे इथले चालू रिवाज. बी. श्रीनिवास राव या कम्युनिस्ट कार्यकर्त्याने १९४३ पासून गावोगाव लाल बावटा लावला आणि पुढच्या वर्षीच्या मन्नारगुडीच्या करारात या शिक्षा बंद करायचे जमीनदारांना कबूल करावे लागले. १९५२ साली राजाजींच्या सरकारने कुळे आणि पण्णैयाळ यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचा उलटा परिणाम असा झाला, की अनेक मिरासदारांनी कायम गडी काढून टाकले आणि रोजंदारीवर माणसे लावायला सुरुवात केली. बांधिलकी तुटली, आणि तिच्याबरोबर वर्षभराच्या पोटाची खात्रीही गेली.

अशा जमिनीवर दुबार पीक आले. सुगीची मजुरी भातात मिळायची, झोडलेल्या भाताच्या मापावर ठरलेला वाटा. एकरी उतारा वाढला की मजुराचाही वाटा वाढतो, मग दर कशाला वाढवायचा, हे जमीनदारांचे म्हणणे. मजुरांचे म्हणणे असे, की बाजारात सगळ्याचे भाव चढले, खते-बियांनी मालकाची पेटी भरली, आणि आमच्या हाताशिवाय पंधरा दिवसांत ना कापणी होते ना पुढची लावणी. दोन्हीत तथ्य होते, पण घासाघीस करायची ताकद मात्र बदललेली होती. कापणी ओढ्यासारखी अंगावर आली की मजुराला थोडे बळ मिळायचे. ते बळ मोडायला जमीनदारांनी बाहेरगावची माणसे आणायला सुरुवात केली. गावचा मजूर आधी, मग बाहेरचा, या मागणीवरून पूर्व तंजावरमध्ये हंगामामागून हंगाम मारामाऱ्या झाल्या. जमीनदारांनी आपला भात उत्पादक संघ उभा केला. संघाची माणसे लाल बावटा काढून टाका असे सांगत, आणि दलित वस्तीतले लोक नाही म्हणत.

२५ डिसेंबर १९६८. किळवेण्मणी, तेव्हाच्या नागपट्टणम तालुक्यातले एक छोटे गाव. मजुरी आणि बाहेरच्या मजुरांवरून तिथे वाद पेटला होता. संध्याकाळी झटापट झाली आणि तीत जमीनदारांच्या बाजूचा एक माणूस मारला गेला. रात्री जमीनदारांची माणसे बंदुका घेऊन दलित वस्तीत घुसली. पुरुष पळाले. ज्यांना पळता आले नाही, ते वस्तीच्या टोकाच्या एका लहानशा झोपडीत शिरले. दार बाहेरून बंद झाले आणि झोपडी पेटवली गेली. ४४ जण जळून मेले. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. मुख्यमंत्री अण्णादुरै तेव्हा कर्करोगाशी झुंजत होते. सहा आठवड्यांच्या आत ३ फेब्रुवारी १९६९ ला ते गेले.

बुटक्या भाताने किळवेण्मणी घडवले, असे मी म्हणणार नाही. चाबूक, शेणाचे पाणी आणि जमिनीची मालकी ही तीनही कारणे आडुतुरैच्या बियाण्याहून कित्येक पटींनी जुनी. पण वाढलेल्या पिकाने मजुरीच्या प्रश्नाला धार आणली, हे दिल्लीलाही पटले. गृहमंत्रालयाने १९६९ मध्ये ग्रामीण अशांततेवर जो अहवाल तयार केला, त्यात नव्या शेतीचा नफा वरच्यांपाशी अडकल्याचा इशारा होता. हरितक्रांती लाल होईल काय, हा प्रश्न त्या वर्षी सगळ्या वर्तमानपत्रांतून विचारला जात होता. अमेरिकन अभ्यासक फ्रान्सीन फ्रँकेल यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात तंजावरचे प्रकरण नमुना म्हणून मांडले.

राज्य सरकारने गणपतिया पिल्लै यांचा एकसदस्य आयोग नेमला आणि १९६९ सालीच शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा केला. कोर्टाची गोष्ट वेगळी गेली. नागपट्टणमच्या सत्र न्यायालयाने १९७० मध्ये काही जमीनदारांना १० वर्षांची सजा दिली. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. एवढे मोठे जमीनदार, नोकरचाकर दिमतीला असताना, स्वतः पायी चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे पटत नाही, अशी कारणमीमांसा निकालात होती. इंदिरा पार्थसारथी यांची 'कुरुदिप्पुनल' ही कादंबरी या घटनेवरची. १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला.

ज्या वर्षी मजुरीचा कायदा झाला, त्याच १९६९ मध्ये लोस बान्योसहून आयआर-२० निघाला. एका बाजूने ताइचुंगचे बुटके जनुक, दुसऱ्या बाजूने तमिळनाडूच्याच तिरूर इथल्या केंद्राचा टीकेएम-६, ज्याच्या अंगात खोडकिडीला तोंड देण्याची ताकद होती. दाणा बारीक, चव परिचित. सांबा आणि ताळडीत तो चटकन रुजला आणि मग खऱ्या अर्थाने डेल्टाचे शेत बुटके झाले. हेच जनुक दुसऱ्या वाटेने आपल्याकडेही आले. १९६८ साली हैदराबादच्या अखिल भारतीय भात प्रकल्पाने काढलेल्या 'जया' वाणाची एक बाजू ताइचुंगचीच. गोव्यात आणि कोकणात आजी-आजोबांच्या तोंडी असलेल्या जयाच्या दांड्यात तोच गळालेला तुकडा आहे.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ कॅथलीन गफ १९५१ ते ५३ या काळात तंजावरच्या दोन गावांत राहिल्या होत्या. १९७६ मध्ये त्या परत आल्या. शेते भरभरून पिकत होती, ट्रॅक्टर आले होते, पंप आले होते. मजुराची स्थिती सुधारल्याचे मात्र त्यांना दिसले नाही. माझ्या मते तंजावरच्या या दशकाचा सगळ्यात प्रामाणिक हिशेब तोच आहे. टंचाई संपली, हेही खरे. बोटींकडे डोळे लावण्याची पाळी पुन्हा आली नाही, आणि रेशनच्या दुकानात तांदूळ मिळू लागला, तो याच भरलेल्या खळ्यांमुळे.

नंतरची पन्नास वर्षे थोडक्यात सांगायची तर पाण्याची. मद्रास-म्हैसूर यांच्यातला १९२४ चा करार पन्नास वर्षांनी संपला आणि कावेरीचा वाद चिघळत राहिला. १२ जूनला मेट्टूर उघडणे अनेक वर्षे जमलेच नाही, तेव्हा कुरुवई गेली आणि एडीटी-३६, एडीटी-४३ असे नवे वाणही पाण्याअभावी बसून राहिले. जमिनी पडीक पडल्या, तरुण तिरुप्पूरच्या गिरण्यांत गेले. सरसकट एकाच उंचीचे, न लोळणारे भात कापणी यंत्रालाही सोयीचे पडते. त्या यंत्रांनी सुगीचा पंधरवडा एका दुपारीत आटोपायला सुरुवात केली. १९६८ मध्ये जिच्या मजुरीवरून माणसे जळाली, ती कापणीच मजुराच्या हातून निघून गेली.

वाढीचे आणखी एक जनुक या काळात शेतात आले. ओरिसाच्या एका जुन्या वाणात सापडलेले सब-१ए जनुक २००६ साली हाती लागले. भात पाण्याखाली बुडाले की साधे झाड उंच होऊन वर यायची धडपड करते आणि दमून मरते. हे जनुक त्या धडपडीला आवर घालते. झाड गप्प राहते, साठवलेली ताकद जपते आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटते. ईशान्य मोसमी पावसात बुडणाऱ्या खाचरांसाठी हे जनुक घातलेला सीआर-१००९ वाण तमिळनाडूत लावला जातो. दुसऱ्या टोकाला तिरुत्तुरैपूंडीचे नेल जयरामन. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांनी पावणेदोनशेच्या आसपास जुन्या उंच वाणांचे बी गावोगाव फिरून गोळा केले होते आणि दरवर्षी भाताचा बीजोत्सव भरवून ते शेतकऱ्यांना वाटले.

किळवेण्मणी आता नागपट्टणम जिल्ह्यात येते. दर २५ डिसेंबरला तिथल्या स्मारकापाशी लोक जमतात, लाल बावटा उभारतात आणि ४४ जणांना मानवंदना देतात.